मैत्रेयीनं निवडलेला देश

१८ जुलै २००६, मंगळवार

ही डायरी माझ्या शेतकरी दोस्तानं, शंकरसिंगनं दिली. कपाशीचं बियाणं घेतल्यावर त्याला ती फुकट मिळाली होती. म्हणाला, "धम्माभाऊ, मी काय लिवू यात? पेरलं, उगवलं, विकलं नाई. तीन शब्दांत माह्यं साल संपते. तू बारावी झालेला मानूस. तूच लिव."

मी तरी काय लिहू? पांढरकवड्यात माझी पिठाची चक्की आहे. पुढं चक्की, मागं घर, मधे एक दार. घरात माय, करुणा आणि आमची एकुलती एक मैत्रेयी.

लिहायचं आहे ते मैत्रेयीचंच. अकरा वर्षांची झाली, पण अनोळखी माणूस विचारतो, दुसरीत आहे का? हातपाय काड्या, पोट तेवढं पुढं. जेवलं की पोट धरून बसते. जंताचं औषध झालं, लिव्हरचं टॉनिक झालं, छातीचा फोटोही काढून झाला. टी.बी. नाही म्हणाले. मग काय आहे, ते कोणी सांगत नाही.

आज चांगला लोकवन गहू निवडून बारीक दळला. करुणानं त्याच्या मऊ पोळ्या केल्या, वर तूप. मी स्वतःच्या हातानं चार घास भरवले. अंगी लागायला पाहिजे ना. संध्याकाळी सगळं उलटून पडलं.

२ ऑगस्ट

शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर आली. बाईंनी घरी पाठवलं. दुपारभर चक्कीतच पोत्यावर बसून होती. तिला तिथं आवडतं. पट्ट्याचा आवाज ऐकत झोपून जाते. पापण्यांवर पीठ बसलं की म्हातारी दिसते. मी फुंकर मारली तर हसली. आठवड्यात आज पहिल्यांदा हसली.

माय म्हणते, "पोट्टीचं रगत कोणी तरी पिऊन राह्यलं." मी रागावलो. बाबासाहेबांच्या घरात असलं बोलायचं नाही, म्हणालो. पण रागावताना माझ्याजवळही दुसरं उत्तर नव्हतं.

२१ ऑगस्ट, सोमवार

यवतमाळच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून नागपूरला आलो. पोटाच्या डॉक्टर आहेत, बाई आहेत. केस सगळे पांढरे, बोलणं हळू. त्यांनी मैत्रेयीलाच सगळं विचारलं, आम्हाला नाही. काय खाल्लं की दुखतं? कुठं दुखतं? शेवटी माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आपण काय करता?"

"छोटासा धंदा हाये," मी म्हणालो. अशा ठिकाणी चक्की सांगायला उगाच लाज वाटते.

रक्त घेतलं. उद्या तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढणार आहेत. करुणा कॉरिडॉरमध्ये खांबाला टेकून उभी होती. म्हणाली, "ते वालं असंल काय हो?" त्या रोगाचं नाव आम्ही दोघांनीही घेतलं नाही.

३० ऑगस्ट, बुधवार

नाही. ते नाही. ते नाही!

बसमध्ये लिहितो आहे, अक्षर हलतं आहे, हलू दे.

आजाराचं नाव सीलियाक. गव्हात काही असतं, ते हिच्या आतड्याला सोसत नाही. आतडं आतून झिजतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही, काही नाही. गहू बंद. बाई म्हणाल्या, "गव्हाचा कणसुद्धा नाही. पोळी नाही, बिस्किट नाही, ब्रेड नाही, शेवया नाहीत. मग बघा, वर्षात पोरगी ओळखू येणार नाही."

"किती दिवस?" करुणानं विचारलं.

"जन्मभर."

करुणा रडायला लागली, तशी मीही. बाईंना वाटलं आम्ही घाबरलो. आम्ही तर सुटलो म्हणून रडत होतो. मैत्रेयी मात्र दोघांकडं पाहून घाबरली. तेव्हा बाईंनी तिला जवळ घेतलं. म्हणाल्या, "हे बघ मैत्रेयी, जगात कितीतरी देश आहेत, जिथली माणसं वर्षानुवर्षं गव्हाशिवाय जेवतात. सगळ्या जगातून तुझ्या आवडीचा एक देश निवड आणि त्यांचं जेवण जेव. राणीसारखी."

बस वणीच्या फाट्यावर थांबली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, जन्मभर म्हंजे माह्या लग्नात बी?"

"लग्नात बी."

"मंग नवरदेवाले सांगा लागंन."

करुणा इतकी हसली की पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं वळून पाहिलं.

३१ ऑगस्ट

मायला सांगितलं. आधी तिला पटलंच नाही. "गव्हानं कोनी मरते काय? आमाले तं गहू दिसे सणालेच. ज्वारी खाऊनच मोठे झालो."

"मंग तेच खाऊ घालायचं," मी म्हणालो.

पण ज्वारी आहे कुठं? सगळ्या शिवारात कपाशी. ज्वारी पेरली तर रानडुकरं खातात, आणि राखण करायला कोण बसतं? राशनला गहू. माझ्या चक्कीवर दिवसाचं दळण येतं ते गव्हाचंच. शेवटी शंकरसिंगला निरोप पाठवला. तो थोडी घरापुरती पेरतो. अर्धं पोतं घेऊन आला. मैत्रेयीला म्हणाला, "बेटा, कापूस तं कोनी घेत नाई माहा. तू ज्वारी तरी घे."

लगेच दळून दिली. आपली चक्की असताना काय काळजी! गव्हावर ज्वारी घेताना आधी मूठभर ज्वारी टाकून दगड साफ करायचा असतो. मी दोन मुठी टाकल्या.

३ सप्टेंबर, रविवार

मैत्रेयीनं शाळेतून नकाशाचं पुस्तक आणलं. दर रविवारी एक देश करून पाहायचा, असं ठरलं आहे. बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटरवाल्याकडं जाऊन तिनं माहिती काढली.

आज जपान. चिकट भाताचे गोळे, त्यावर समुद्रातलं शेवाळ गुंडाळायचं. पांढरकवड्यात समुद्र कुठला? करुणानं धोप्याची, म्हणजे अळूची, पानं उकडून गुंडाळली. भातात थोडा सिरका टाकला. मायनं एक गोळा तोंडात घातला, बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, "हे लोक आजारी हायेत काय?"

मैत्रेयीनं दोन खाल्ले. पोट दुखलं नाही, असं ती म्हणाली. मला तेवढं पुरे.

१० सप्टेंबर, रविवार

मेक्सिको. मक्याच्या पातळ भाकरी, आत उसळ, कांदा, टमाटर, हिरवी मिरची. हा देश मला आवडला. चार खाल्ल्या. मायला दात नाहीत, ती भाकरी दुधात कुस्करून बसली.

१४ सप्टेंबर

पुन्हा पोट. पुन्हा तेच. काल दिवसभर पडून होती, आज शाळा बुडाली. गव्हाचा कण घरात शिजत नाही तिच्यासाठी. मग हे काय?

संध्याकाळी मी तिला समोर बसवलं. "खरं सांग. शाळेत कोनाचं बिस्किट खाल्लं?"

"नाई बाबा."

"मंग पोट आपोआप दुखते काय? तुह्यासाठी आमी काय काय करून राह्यलो, अन् तू एका बिस्किटापायी..."

ती रडली नाही. नुसती उठून आजीजवळ जाऊन बसली. करुणा म्हणाली, "थे नाई खात हो. मले मालूम हाये." मी म्हणालो, लेकरू आहे, मोह होतो. माझा आवाज मोठा होता, तो अजून कानात आहे.

२१ सप्टेंबर

चक्कीची मोटर जळली. भारनियमनात लाईट येते, जाते, येते, त्यात गेली. यवतमाळला तार नव्यानं गुंडाळायला दिली आहे, तिथं अशा मोटरींची रांग लागली आहे. चक्की बंद. गिऱ्हाईक दुसरीकडं जातील, याची काळजी.

घरात ज्वारीचं पीठ संपलं. मायनं मोरीतलं जातं ओढून काढलं, घासून धुतलं. त्यावर आम्ही घागरी ठेवत होतो. सकाळी माय आणि करुणा समोरासमोर बसून दळतात. मैत्रेयी मुठीनं ज्वारी टाकते.

२ ऑक्टोबर, सोमवार

दीक्षाभूमी. पन्नास वर्षं झाली. मायनं लहानपणी तिच्या बापाच्या खांद्यावर बसून तो दिवस पाहिला होता. या वर्षी जायचंच, असं तिनं कधीचं बजावलं होतं. माणसांचा समुद्र. निळे झेंडे, पुस्तकांची दुकानं, जागोजाग जेवण वाटणारी मंडळं.

एका मांडवात पुरीभाजी वाटत होते. गरम पुऱ्यांचा वास असा सुटला होता की मलाच राहवेना. मैत्रेयी पुढं रांगेत होती, आम्ही चार माणसं मागं. तिला वाटलं, आम्ही पाहत नाही. वाढणाऱ्या पोरानं पुरी पुढं केली तशी तिनं पत्रावळ मागं घेतली. "दादा, यात गहू हाये काय?"

"पुरी हाये ना ताई. गव्हाचीच."

"मंग मले नाई चालत. भात हाये काय?"

त्यानं आत जाऊन तिच्यासाठी वरणभात आणला. ती तिथंच मांडी घालून जेवली.

दुपारी तिला उसाचा रस पाजला, आणि तिनं न विचारता दुसरा ग्लास घेतला. "बाबा, त्या दिवशी मी खरंच नोतं खाल्लं," ती म्हणाली.

"मले मालूम हाये," मी म्हणालो. "माह्यं चुकलं."

दिवसभर चालली. एकदाही पोट धरलं नाही. रात्रीच्या मुक्कामालाही टवटवीत होती.

७ ऑक्टोबर

मोटर आली. चक्की सुरू झाली. गिऱ्हाईक परत आले, दारात दळणाच्या डब्यांची रांग. मायच्या हाताला फोड आले होते, तिला सांगितलं, आता जातं ठेवून दे. ज्वारी पुन्हा चक्कीवर दळली.

१३ ऑक्टोबर

उलटी. पोटदुखी. पुन्हा तोच चेहरा. आता मी तिला काही विचारू शकत नाही. ती खोटं बोलत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग दोष कुणाचा? त्या डॉक्टरबाई चुकल्या तर नाहीत? तो दुसरा रोगच तर नाही?

करुणानं नागपूरचे सगळे कागद पुन्हा काढून पाहिले. मग मीही. एकमेकांच्या मनात काय आहे, ते माहीत असल्यावर बोलायचं काय?

१५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी राशनचा गहू दळत होतो. छपराच्या टिनाला भोक आहे, त्यातून उन्हाची तिरीप येते. रोजच येते. आज मधलं दार उघडं होतं आणि तिरिपेत पीठ तरंगताना दिसलं. मी पाहत राहिलो. ते दारातून आत गेलं. माठावर बसलं. वाळत घातलेल्या मैत्रेयीच्या फ्रॉकवर बसलं. चुलीजवळ झाकून ठेवलेल्या भाकरीच्या कपड्यावर बसलं.

चक्की बंद होती तेव्हा ती बरी होती. चक्की सुरू झाली, ती पडली.

मी पट्टा काढला. गिऱ्हाईकाला म्हणालो, आज दळण नाही. समोरच्या एसटीडी बूथवरून बाईंच्या चिठ्ठीवरचा नागपूरचा नंबर लावला. बाई घरी होत्या. मी म्हणालो, "मॅडम, माह्यी पिठाची चक्की हाये. घराले लागूनच."

मधे दार आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "अहो, मग हेच. दुसरं काही नाही. ज्वारीसुद्धा त्याच दगडावर दळली असेल?"

"हो."

"रोग दुसरा नाही. घाबरू नका. पण गहू घराच्या बाहेर गेला पाहिजे. हवेतलासुद्धा."

माझे हात पांढरे होते. फोनच्या रिसीव्हरवर बोटं उमटली होती. याच हातानं मी तिला घास भरवत आलो. वाईट वाटायला पाहिजे होतं, वाटलंही. पण त्याच्याही आधी छातीवरचा धोंडा खाली उतरला. रोग दुसरा नाही. रोग माझ्या अंगावरचं पीठ आहे. ते धुता येतं.

२९ ऑक्टोबर, रविवार

चक्की हलवली. बाजाराच्या वळणावर एक रिकामा गाळा मिळाला. शंकरसिंगनं बैलांची बंडी आणली. दगड उचलताना त्याची कंबर धरली, तरी शिव्या देत उचलत राहिला. घरापुढची जुनी जागा तीनदा धुतली, भिंतींना चुना दिला. आता मी गाळ्यावरच आंघोळ करतो, कपडे बदलतो, मगच घरी. करुणा म्हणते, एवढे स्वच्छ तर तुम्ही लग्नातही नव्हता. ज्वारी घरच्या जात्यावर.

संध्याकाळी मी मैत्रेयीला विचारलं, "मंग, देश कोनता?"

"नाई निवडत मी."

"काहून?"

"मी एकटी माह्या देशात जेवू, अन् तुमी सारे इथं पोळी खासान. मले नाई पायजे तसा देश."

करुणा भांडी घासत होती, तिचा हात थांबला. माय म्हणाली, "कोन खाते पोळी? तू ज्या देशात जाशीन, त्या देशात आमी येतो. चाल, सांग. गाडी कुठं लावाची?"

"आजी, जन्मभर हाये, बरं."

"माहा जन्म किती राह्यला? मले परवडते."

१२ नोव्हेंबर, रविवार

पोरगी निवडणुकीला उभी राहिल्यासारखी विचार करते आहे. आता चौघांचा प्रश्न आहे म्हणते. मेक्सिको बाद, कारण आजीला दात नाहीत. जपान बाद, कारण बाबाले मिरची लागते. बांगलादेशात भात मिळतो, पण आईले मच्छीचा वास सोसत नाही. इटलीचं नाव काढताच मी नाही म्हणणार होतो, पण तिनंच तोंड फिरवलं, "तिथं तं सारा मैदाच."

करुणा मला हळूच म्हणाली, "आपन हिच्यासाठी एवढा विचार कधी केला होता?" मी म्हणालो, केला होता. मग आठवून पाहिलं. आम्ही तिला काय सोसतं ते पाहिलं होतं. तिला कुणासोबत जेवायचं आहे, ते विचारलं नव्हतं.

२६ नोव्हेंबर, रविवार

इथिओपिया.

तो आफ्रिकेत आहे. तिथं एक बारीक धान्य पिकतं, ते आंबवून घागरीच्या तोंडाएवढं, नाही, त्याहून मोठं मऊ धिरडं करतात. ते धान्य आपल्याकडं नाही, पण तिथले लोक ज्वारीचंही करतात, असं तिनं वाचलं. त्याला इंजेरा म्हणतात. त्यावर मसुराची लालभडक डाळ, बटाट्याची भाजी, पालक, असे ढीग वाढतात. आणि सगळं घर त्या एकाच ताटाभोवती बसून, त्याचाच तुकडा मोडून खातं. वेगळी ताटं नाहीतच.

"आजीले मऊ, बाबाले तिखट, आईले मच्छी नाई," मैत्रेयीनं बोटं मोडून सांगितलं. "अन् ताट एकच. कोनी वेगळं नाई."

माय दोन दिवस पीठ आंबवत होती. तिला ते जमलं, कारण ते आमच्या आंबिलीचंच भावंड निघालं. शंकरसिंग कापसाच्या रांगेतून तसाच आला होता, बंडी खरेदी केंद्रावर उभी होती. त्यालाही बसवलं. मोठ्या परातीवर ते धिरडं पसरलं. हात पुढं करताना तो थांबला. "एकातच?"

"एकातच," मैत्रेयी म्हणाली. "तिथं तसंच असते."

माय त्याच्याकडं पाहत होती. तिनं आयुष्यात बरंच पाहिलं आहे, कोण कुणाच्या ताटाला हात लावतो आणि कोण नाही. शंकरसिंगनं तुकडा मोडला, डाळीत बुडवला, खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं. "बाप्पा! हे तं आपल्याहून तिखट हाये."

"मंग आपलेच लोक हायेत थे," माय म्हणाली आणि तिनं तिचा हात घातला.

१९ डिसेंबर

नागपूरला दाखवून आलो. वजन वाढलं, उंची वाढली, रक्त वाढलं. बाईंनी तिला काट्यावरून उतरवून पुन्हा चढवलं, आनंदानं. शाळेचा स्कर्ट गुडघ्याच्या वर गेला आहे. नवा शिवायचा आहे. इतक्या वर्षांत कपडा फाटून नाही, आखूड झाला म्हणून टाकायची ही पहिली वेळ.

१४ जानेवारी २००७, रविवार

आज संक्रांत. शंकरसिंगचा कापूस अखेर गेला. कोणत्या भावात ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बंडी रिकामी झाली म्हणून तो मोकळा होऊन जेवायला आला होता.

करुणानं सगळ्यांपुरती डाळ करून, धिरडी करून फडक्यात झाकून ठेवली होती. मी आंघोळ करून आलो, माय आली, परात मांडली. करुणानं फडकं उचललं. खाली एक धिरडं. डाळीचं पातेलं चाटून पुसलेलं.

"मैत्रेयी!" करुणा ओरडली.

मैत्रेयी घरात नव्हती. "सकाळपासून भूक लागली, भूक लागली म्हनत होती पोट्टी," माय म्हणाली. "मी म्हनलं खाय. मले काय मालूम, पाच मानसाचं खाईन म्हनून?"

शंकरसिंगनं ते एक धिरडं हातात घेऊन उजेडाकडं धरलं. आम्ही चौघं त्या धिरड्याकडं पाहत होतो. मग तो हसायला लागला, करुणानं पदर तोंडाला लावला, मला ठसका लागला.

माय तिला रागवायला म्हणून उठली. बाहेर पोरींचा गलका चालू होता, लंगडी सुरू होती, राज्य मैत्रेयीवर होतं. माय दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मी हाक मारली, "माय, बोलाव ना तिले." ती वळली नाही. नुसता हात मागं करून मला चूप राहायला सांगितलं.

करुणानं पुन्हा डाळ चढवली.